समुद्रकाठचे घर : धूप रोखायला किती खर्च येतो

कोकणात समुद्राला लागून ज्याचे घर आहे, वाडी आहे किंवा हौसेने घेतलेला प्लॉट आहे, त्याच्या तोंडी पावसाळा जवळ आला की एकच प्रश्न असतो : पुढे दगड टाकून घेतले तर मीटरमागे किती पडतील? प्रश्न रास्त आहे, पण तो तिसरा किंवा चौथा असायला हवा. आपली जमीन कायद्याने कुठल्या पट्ट्यात येते, तिथला किनारा गेल्या वीस वर्षांत किती आत आला, आणि विमा कशाचे पैसे देतो व कशाचे देत नाही, हे आधी कळले पाहिजे. ही माहिती काही हजारांत मिळते. ती न घेता माणसे दगडांवर लाखो रुपये घालतात आणि दोन पावसाळ्यांनंतर तेच दगड ओहोटीच्या वेळी वाळूत विखुरलेले दिसतात.

चेन्नईच्या राष्ट्रीय किनारा संशोधन केंद्राने देशाच्या मुख्य भूमीचा १९९० ते २०१८ या काळातला किनारा उपग्रहांच्या चित्रांवरून तपासला. सुमारे ३४ टक्के किनारा कमीअधिक धुपतो आहे, २७ टक्के किनाऱ्यावर उलट वाळू साठते आहे आणि बाकीचा स्थिर आहे. महाराष्ट्रात साधारण चौथा हिस्सा धुपतो आहे आणि दोन तृतीयांशाच्या आसपास स्थिर आहे. कोकणात सगळीकडेच समुद्र आत येतो आहे असे नाही, ही यातली दिलाशाची बाजू. पण धुपणाऱ्या भागात भरवस्तीची गावे आहेत : पालघरचे सातपाटी, रत्नागिरीजवळचे मिऱ्या, मालवणचे देवबाग. देवबाग तर एका बाजूला समुद्र आणि दुसऱ्या बाजूला कर्ली नदी अशा चिंचोळ्या पट्टीवर वसले आहे. तिथे पाणी दोन्हीकडून येते.

आधी कागद आणि मोजणी

डिजिटल सहीचा सातबारा १५ रुपयांत मिळतो. त्यावरचे क्षेत्र आणि जागेवरचे क्षेत्र एकच असेल असे किनाऱ्यावर धरून चालू नका. लाटांनी जमीन नेली तरी सातबारा आपोआप कमी होत नाही. कागदावर दहा गुंठे आणि प्रत्यक्षात सातच, असे व्यवहार होतात आणि पैसे दहा गुंठ्यांचे दिले जातात. म्हणून भूमी अभिलेख कार्यालयाकडून सरकारी मोजणी करून घ्या. १ डिसेंबर २०२४ पासूनच्या दरांनुसार ग्रामीण भागात दोन हेक्टरपर्यंत नियमित मोजणीला २,००० रुपये आणि द्रुतगती मोजणीला ८,००० रुपये पडतात. किनाऱ्यावरच्या जमिनीसाठी याहून चांगल्या कामी लागलेले दोन हजार मला माहीत नाहीत. विकत घेणाऱ्याने तर ही मोजणी इसाराच्या आधी विक्रेत्याकडून करून मागावी, आणि शक्यतो पावसाळा संपल्यावर, कारण तेव्हा किनारा सर्वांत आत आलेला असतो.

जे आधीपासून मालक आहेत त्यांनाही मोजणीचा उपयोग आहे. पाण्याने वाहून गेलेल्या जमिनीच्या आकारणीत सूट मिळण्याची तरतूद महाराष्ट्राच्या महसूल कायद्यात आहे. रक्कम किरकोळ असते. खरा फायदा हा की अमुक साली अमुक इतकी जमीन गेली, याची सरकारी नोंद होते. पुढे पुनर्वसनाची किंवा बंधाऱ्याची मागणी करताना हाच कागद वजनदार ठरतो.

किनारा किती सरकला हे पाहायला पैसे लागत नाहीत. गूगल अर्थवर जुन्या तारखांची चित्रे दिसतात. घराचा कोपरा किंवा विहीर असा न हलणारा बिंदू धरून पुळणीच्या कडेपर्यंतचे अंतर वेगवेगळ्या सालांत मोजा. चित्रे एकाच ऋतूतली घ्या. मे महिन्यातली पुळण आणि सप्टेंबरातली पुळण यांत पुष्कळ फरक असतो, कारण पावसाळ्यात लाटा वाळू आत ओढून नेतात आणि उघडिपीत ती हळूहळू परत आणून टाकतात. तो फरक धूप समजून घाबरू नका आणि भरवशाचाही समजू नका. मग शेजारच्या म्हाताऱ्या माणसांना विचारा की त्यांच्या लहानपणी समुद्राकडे माडांच्या किती रांगा होत्या. विहिरीचे पाणी कधीपासून मचूळ लागते, हेही विचारा.

सरासरी काढताना एक सावधगिरी बाळगा. किनारा वर्षाला एक मीटर आत येतो आणि घर चाळीस मीटरवर आहे, म्हणजे चाळीस वर्षांची निश्चिंती, हा हिशेब चुकतो. किनारा दरवर्षी सारखा धुपत नाही. पाच वर्षे काही होत नाही आणि एका उधाणात पाच-सात मीटर जातात. ऑक्टोबर २०१९ मध्ये ‘क्यार’ चक्रीवादळ खोल समुद्रात असतानाही सिंधुदुर्गच्या किनाऱ्यावर लाटा वस्तीत शिरल्या होत्या. गृहकर्जाची मुदत वीस वर्षांची असेल तर निदान तिप्पट अंतराचा हिशेब मनात ठेवा.

ना विकास क्षेत्रात घर असेल तर

किनारा नियमन क्षेत्राची, म्हणजे ‘सीआरझेड’ची पहिली अधिसूचना १९ फेब्रुवारी १९९१ ची. त्यानंतर २०११ आणि २०१९ मध्ये नव्या अधिसूचना आल्या. भरतीरेषेपासून जमिनीकडे ५०० मीटरपर्यंतचा पट्टा या नियमांत येतो. २०१९ च्या अधिसूचनेत गावांचे दोन गट केले आहेत. २०११ च्या जनगणनेनुसार चौरस किलोमीटरला २,१६१ पेक्षा दाट वस्ती असलेल्या गावांत पहिले ५० मीटर ना विकास क्षेत्र, बाकीच्या गावांत पहिले २०० मीटर. कोकणातली बहुतेक किनारी गावे दुसऱ्या गटात बसतात. वाळूच्या टेकड्या आणि कांदळवन यांना सर्वांत कडक संरक्षण आहे, जमीन खाजगी असली तरी.

आपल्या जिल्ह्याचा मंजूर किनारा व्यवस्थापन आराखडा महाराष्ट्र किनारपट्टी व्यवस्थापन प्राधिकरणाकडे पाहायला मिळतो. नगररचना कार्यालयात जाताना एक प्रश्न नक्की विचारा : माझ्या गट नंबरला कोणत्या सालच्या अधिसूचनेखालचा आराखडा लागू आहे? एजंट सोयीची अधिसूचना सांगतात. तोंडी उत्तरावर थांबू नका. लेखी दाखला घ्या. टाळाटाळ झाली तर माहिती अधिकाराचा अर्ज १० रुपयांत होतो.

जुने, अधिकृत घर ना विकास क्षेत्रात असेल तर त्याची दुरुस्ती आणि पुनर्बांधणी करता येते, पण जोत्याचे क्षेत्रफळ आणि चटईक्षेत्र वाढवता येत नाही. घर १९९१ च्या आधीचे असल्याचा पुरावा म्हणून ग्रामपंचायतीचा नमुना ८ चा उतारा आणि जुन्या घरपट्टीच्या पावत्या जपून ठेवा. गावकऱ्यांना राहत्या घरात न्याहारी-निवास चालवण्याची मुभा २०१९ च्या अधिसूचनेने दिली आहे, तीही जोते आणि रचना न बदलण्याच्या अटीवर.

नियम मोडल्याचा खर्च किती? पर्यावरण संरक्षण कायद्यातल्या बदलानंतर १० हजारांपासून १५ लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. पण दंडापेक्षा मोठी गोष्ट बांधकाम पाडले जाण्याची आहे. केरळात कोचीजवळच्या मरडू इथली चार निवासी संकुले सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने ११ आणि १२ जानेवारी २०२० रोजी स्फोटके लावून पाडली गेली. फ्लॅट घेणाऱ्यांकडे स्थानिक पंचायतीचे परवाने होते, बँकांची कर्जे होती. न्यायालयाने प्रत्येकाला २५ लाख रुपये अंतरिम भरपाई दिली, पण घर गेले ते गेलेच. ‘ग्रामपंचायतीने परवानगी दिली आहे’ हे वाक्य कोकणातही रोज ऐकू येते. किनाऱ्यावर तेवढ्यावर विसंबून पैसे देऊ नका.

दगडांचा बंधारा : स्वतः हिशेब करून पाहा

आता मीटरमागच्या दराकडे येऊ. दर गावागावांत वेगळा निघतो, कारण खाणीचे अंतर, रस्ता आणि लाटेची उंची वेगळी असते. म्हणून हिशेबाची रीतच सांगतो.

माथा ३ मीटर रुंद, उंची ४ मीटर आणि समुद्राकडे एकास दोन असा उतार धरला तर प्रत्येक मीटर लांबीला २८ घनमीटर दगड लागतो. दगडांमधल्या पोकळ्या वजा जाता घनमीटरचे वजन १.६ टनाच्या आसपास भरते. म्हणजे मीटरला सुमारे ४५ टन. तुमच्या प्लॉटची समुद्राकडची बाजू ३० मीटर असेल तर १,३५० टन, सोळा टनी डंपरच्या ८०-८५ खेपा. समजा दगड जागेवर आणून रचण्याचा दर टनाला १,२०० रुपये पडला, तर नुसत्या दगडाचे १६ लाख २० हजार झाले. त्याखाली जिओटेक्स्टाइलचे कापड, त्यावर बारीक दगडाचा थर, पायथ्याचा चर, पोकलेनचे भाडे यांसाठी आणखी ४० टक्के धरा. एकूण साडेबावीस लाखांच्या पुढे गेलात. तुमच्याकडच्या ठेकेदाराचा दर घालून हाच गुणाकार करा. ठेकेदार याच्या निम्म्यात काम करून देतो म्हणाला, तर तो कापड, बारीक थर किंवा पायथा यांपैकी काहीतरी वगळतो आहे. पायथा वगळला की लाट दगडांखालची वाळू ओढते आणि बंधारा पुढे झोपतो.

दगडाचे वजन ही दुसरी मेख. लाटेची उंची दुप्पट झाली की ती सोसणाऱ्या दगडाचे वजन आठपट लागते. एकास दोन उतारावर दोन मीटर उंचीच्या फुटणाऱ्या लाटेला साधारण सव्वा टनाचा दगड पुरतो. चार मीटरच्या लाटेला तोच दहा टनांवर जातो. एवढे दगड खाणीतून निघत नाहीत आणि निघाले तरी रस्त्याने आणता येत नाहीत, म्हणून काँक्रीटचे टेट्रापॉड ओततात. जांभ्याचे चिरे रचून समुद्राकडे भिंत घालणारे लोक मी पाहिले आहेत. जांभा घराला उत्तम, लाटेपुढे तो टिकत नाही. काळाच दगड हवा.

एवढे करूनही भिंतीच्या दोन्ही टोकांचा प्रश्न उरतो. भिंतीवर आपटलेली लाट मागे फिरताना पुढची वाळू घेऊन जाते, त्यामुळे काही वर्षांत भिंतीसमोरची पुळण खाली बसते. टोकाला लाट वळते आणि शेजाऱ्याची जमीन जास्त वेगाने कापते. शेजारी मग आपली भिंत घालतो, आणि असे करत सगळ्या वाडीचा किनारा दगडांचा होतो. होड्या ओढायला जागा राहत नाही, रापण लागत नाही, पर्यटक ज्या पुळणीसाठी येतो ती पुळण जाते. डागडुजीला वर्षाला मूळ खर्चाच्या पाच टक्के धरा : वरच्या उदाहरणात एक लाख दहा-बारा हजार, दरवर्षी. पाच गुंठ्यांच्या प्लॉटसाठी हा खर्च जमिनीच्या किमतीला गाठतो. शिवाय भरतीरेषेवर परवानगीशिवाय भर टाकणे बेकायदा आहे. माझे मत स्पष्ट आहे : एकट्याने, स्वतःच्या पैशाने, समुद्रापुढे भिंत घालू नये.

बंधारा हे गावाने मिळून मागायचे आणि सरकारने अभ्यास करून करायचे काम आहे. समुद्राच्या बाजूच्या कामासाठी पतन अभियंत्यांचे कार्यालय आणि महाराष्ट्र सागरी मंडळ, खाडीकाठच्या बांधांसाठी खारभूमी विभाग. सरकारलाही हे स्वस्त पडत नाही. केरळात चेल्लानम इथे सुमारे ७.३ किलोमीटरच्या टेट्रापॉडच्या बंधाऱ्याला ३४४ कोटी रुपये मंजूर झाले, म्हणजे किलोमीटरला ४५ कोटींहून जास्त, मीटरला साडेचार लाखांहून जास्त. आणि बंधारा झाला म्हणजे तो अभेद्य झाला असेही नाही. मिऱ्याच्या बंधाऱ्यावर ३ जून २०२० च्या ‘निसर्ग’ वादळात ‘बसरा स्टार’ हे जहाज येऊन आदळले आणि लाटांबरोबर त्याचाही मार बंधाऱ्याला बसला.

आशियाई विकास बँकेने २०२४ च्या अखेरीस महाराष्ट्राच्या किनारा संरक्षणासाठी ४ कोटी २० लाख डॉलरच्या कर्जाचा करार केला. त्यात समुद्रात पाण्याखाली बांधायचे कृत्रिम खडक, पुळणीवर वाळूची भर आणि वाळूच्या टेकड्या पुन्हा उभ्या करणे यांचा समावेश आहे. लाट किनाऱ्यावर पोचण्याआधीच तिचा जोर मोडायचा, ही त्यामागची कल्पना. ग्रामसभेत नुसता ‘बंधारा पाहिजे’ असा ठराव करण्यापेक्षा अभ्यासाची मागणी करा. पुण्याजवळ खडकवासल्याचे केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्र १९१६ पासून असे अभ्यास करते. ठरावात तीन गोष्टी लेखी मागा : संकल्पचित्र कोणत्या उंचीच्या लाटेसाठी आहे, बंधाऱ्याच्या टोकाशी असलेल्या घरांचे काय, आणि डागडुजीचा वार्षिक निधी कोणाच्या डोक्यावर. तिसऱ्या प्रश्नाला उत्तर नसेल तर बंधाऱ्याचे आयुष्य ठेकेदाराच्या दोषदायित्वाच्या मुदतीएवढेच समजा.

स्वस्त पण वेळखाऊ

पुळणीमागची वाळूची टेकडी हा किनाऱ्याचा साठा आहे. उधाणात लाट तिथली वाळू नेते आणि पुढे आडवा बांध घालून स्वतःलाच अडवते. ही टेकडी सपाट करून लोक पार्किंग करतात, समुद्र दिसावा म्हणून कापतात, आणि मग दगडांवर खर्च करतात. जिथे टेकडी अजून आहे तिथे तिला हात न लावणे हा शून्य रुपयांचा उपाय आहे आणि माझ्या मते सर्वांत किफायतशीर.

जिथे ती झिजली आहे तिथे झावळ्यांचे आणि बांबूचे कूड वाऱ्याला आडवे उभे केले की वाळू साठू लागते. सामान बहुतेक वाडीतलेच, खर्च मजुरीचा. साठलेल्या वाळूवर मर्यादवेल लावायची. तिचे तुकडे पावसाच्या सुरुवातीला खोचले तरी रुजतात. मागे केतकी. काथ्याची जाळी अंथरली तर पहिली दोन-तीन वर्षे वाळू धरून राहते आणि मग कुजून जाते, तोवर वेल पसरलेली असते. गुरांपासून आणि गाड्यांपासून राखण हाच यातला मोठा खर्च. सुरूची लागवड सरकारने बऱ्याच किनाऱ्यांवर केली. सुरू वारा अडवतो, पण त्याची मुळे उथळ. कडेची वाळू सरकली की झाड मुळांसकट आडवे होते. गोव्यात केरीच्या किनाऱ्यावर अशी उन्मळून पडलेली सुरूची झाडे लोकांनी वर्षानुवर्षे पाहिली आहेत. वारा थांबवायला सुरू लावा, धूप थांबवायला नको.

हा उपाय पुढे पुळण शिल्लक असेल तरच चालतो. पाणी रोज घराच्या पायरीला लागत असेल तर वेल लावून काही होणार नाही.

खाडीकाठी वेगळे गणित. तिथे लाट कमी आणि भरतीचे पाणी जास्त. खाजणातले मातीचे बांध आणि पाणी सोडणारी उघाडी यांची निगा गावे पिढ्यान्‌पिढ्या श्रमदानाने राखत आली. उघाडीची झडप तुटली तर दुरुस्ती हजारांत होते; ती टाळली आणि खारे पाणी शेतात शिरले तर जमीन धुऊन पुन्हा गोडी व्हायला काही पावसाळे जातात. बांधापुढे कांदळवन असेल तर त्याला हात लावू नका. ते लाटेचा मार खाते, आणि उच्च न्यायालयाच्या आदेशांमुळे ते तोडणे गुन्हा आहे.

घरावर करायचा खर्च

पाणी शिरते पण जमीन धुपत नाही, अशी घरे पुष्कळ आहेत. त्यांच्यासाठी पैसा जोत्यात घालावा. नवीन घर बांधताना दहा बाय आठ मीटरचे जोते नेहमीपेक्षा ६० सेंटिमीटर उंच घ्यायचे ठरवले, तर आतल्या भिंती धरून साडेसहाशेच्या आसपास जास्तीचे चिरे आणि १६ ब्रास भराव लागतो. चिरा ४५ रुपयांना आणि भराव ब्रासला २,५०० रुपयांना धरला तर सामानाचे ७० हजार. मजुरी आणि चुना-सिमेंट धरून लाख-सव्वा लाखाच्या आत काम होते. हेच घर बांधून झाल्यावर उचलायचे म्हटले तर कित्येक पट पडेल. सोबत विजेचे मीटर, इन्व्हर्टर, पंपाचा स्टार्टर छातीच्या उंचीवर घ्या. वायरिंग करतानाच केले तर वाढीव खर्च नगण्य. शौचालयाची टाकी समुद्राच्या बाजूला नको. कपाटे भिंतीत, जमिनीपासून वर.

हैदराबादचे ‘इन्कॉइस’ उंच लाटांचे इशारे विनामूल्य देते. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाच्या तारखा आणि हा इशारा एकत्र आले की सामान वर ठेवायला एक दिवस तरी हाताशी मिळतो.

विमा आणि सरकारी मदत

१ एप्रिल २०२१ पासून सर्व साधारण विमा कंपन्यांना ‘भारत गृह रक्षा’ ही एकाच मसुद्याची घर-विमा पॉलिसी द्यावी लागते. तीत वादळ, चक्रीवादळ, पूर, पाणी भरणे, त्सुनामी यांचे नुकसान येते. घरातल्या वस्तूंना इमारतीच्या विमा रकमेच्या २० टक्के, जास्तीत जास्त १० लाखांपर्यंत, आपोआप संरक्षण मिळते. साध्या घराचा वर्षाचा हप्ता बहुधा चार आकड्यांत बसतो. एवढ्या पैशात हे संरक्षण घ्यावेच.

पण पॉलिसीतला जमीन खचण्याबद्दलचा परिच्छेद वाचा. किनाऱ्याची किंवा नदीकाठाची धूप झाल्याने जमीन खचली तर ते नुकसान त्यातून स्पष्टपणे वगळले आहे. वादळात लाट आत येऊन भिंत पडली तर दावा उभा राहतो. पायाखालची वाळू वर्षभरात सरकून भिंत पडली तर नाही. म्हणून नुकसान झाल्याबरोबर, त्याच दिवशी, तारीख दिसणारे फोटो काढा, हवामान खात्याचा त्या दिवसाचा इशारा जपून ठेवा आणि कंपनीला कळवा. विमा बांधकामाचा असतो, जमिनीचा नसतो. वाडीतल्या माडांसाठी नारळ विकास मंडळाची वेगळी विमा योजना आहे. तिचा हप्ता माडामागे काही रुपयांचाच आहे.

सरकारी मदतीतही हीच अडचण. केंद्राच्या अधिसूचित आपत्तींच्या यादीत चक्रीवादळ, पूर, त्सुनामी आहेत. समुद्राची धूप नाही. २०२२-२६ च्या केंद्रीय निकषांनुसार सपाट भागात पूर्ण पडलेल्या घराला १ लाख २० हजार रुपये आणि निदान १५ टक्के नुकसान झालेल्या पक्क्या घराला ६,५०० रुपये. ‘निसर्ग’नंतर राज्याने पूर्ण पडलेल्या घराची मदत दीड लाख केली होती, तशी वाढ वेळोवेळी होते. पूर्ण नष्ट झालेल्या होडीला १५,००० आणि जाळ्याला ४,००० हा दर होडीची किंमत माहीत असणाऱ्या कोणालाही अपुरा वाटेल. पंचनाम्याच्या वेळी तलाठ्याला, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्याला, नुकसानीचे कारण आणि तारीख नीट लिहायला सांगा आणि प्रत मागून घ्या. ‘समुद्राने नेले’ एवढेच लिहिले तर मदत अडते.

मागे सरकायचा खर्च

भरतीची रेषा घरापासून दहा-पंधरा मीटरवर आली असेल, पुढची टेकडी गेली असेल आणि मोजणीत दरवर्षी घट दिसत असेल, तर तिथे आणखी पैसा घालू नये असे माझे प्रामाणिक मत आहे. त्याच गटात मागे, उंचावर जागा असेल तर साडेबावीस लाखांच्या भिंतीऐवजी तेवढ्यात घरच मागे बांधून होईल. ज्यांच्याकडे मागे जमीनच नाही, आणि कोळीवाड्यांत बहुतेकांकडे नसते, त्यांच्यासाठी हा वैयक्तिक खर्चाचा विषय राहत नाही. केरळच्या ‘पुनर्गेहम्’ योजनेत भरतीरेषेपासून ५० मीटरच्या आत राहणाऱ्या कुटुंबाला मागे सरकण्यासाठी १० लाख रुपये दिले जातात, ६ लाख जमिनीला आणि ४ लाख घराला. ओडिशाने सातभायाच्या कुटुंबांना बागपाटिया इथे जमीन देऊन वसवले. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१-२६ साठी धूप कमी करण्याला १,५०० कोटी आणि धुपेने विस्थापित झालेल्यांच्या पुनर्वसनाला १,००० कोटी रुपये वेगळे ठेवण्याची शिफारस केली होती. पुनर्वसनाचा खर्च केंद्राच्या हिशेबात धरला जाऊ शकतो, हे त्यातून दिसते.

घर हलवले तरी मच्छीमाराला होडी किनाऱ्यावरच लागते. जाळी ठेवायची खोपी, मासळी सुकवायची जागा, बर्फाची सोय हे सगळे किनाऱ्याजवळ राहिले पाहिजे. नव्या वसाहतीतून किनाऱ्यावर पोचायला रिक्षाचे रोजचे भाडे पडणार असेल तर ते कुटुंब वर्षभरात परत येईल. म्हणून मागणी करताना घरांबरोबर किनाऱ्यावरची सामायिक जागाही लिहून मागा.

तुमच्या गावात अशी घरे असतील तर पुढच्या ग्रामसभेत त्यांची यादी करा. प्रत्येक घराचे भरतीरेषेपासूनचे अंतर लिहा, सरकारी मोजणीचे नकाशे जोडा आणि ठराव जिल्हाधिकाऱ्यांकडे पोच घेऊन द्या. मोजणीला महिने लागतात. अर्ज याच आठवड्यात टाका.